यंदा हलवा नाई

"यंदा हलवा नाई," खैरूनबीनं सांगितलं अन् चुलीतली थंड राख काढून परसात टाकली.

शेजारची बायनाबाई कुंपणापाशी वाटी घेऊन उभीच राहिली. दरसाल शब-ए-बरातले आलापल्लीची ही गल्ली दुपारपासूनच चणाडाळीच्या हलव्यानं घमघमायची, अन् पहिली वाटी भरायची ते बायनाबाईची. म्हणून तिनं वाटी घासूनच आणली होती.

"काऊन व बाई? डाळ नाई भेटली का?"

"डाळ भेटली. जुबेरले चालत नाई."

बायनाबाईनं पदरानं नाक पुसलं अन् वाटी पोटाशी धरली.

जुबेर खैरूनबीचा एकुलता एक. सागवानाच्या ट्रकवर ड्रायव्हर. लहान होता तवा त्याले हलवा लय आवडे, अन् हलव्याहून जास्त हलव्याची गोष्ट. खैरूनबी फेकायची बी तशीच.

"मेलेल्यांच्या साऱ्या रूहा आज घरी येतात रे," ती सांगे. "जुन्यांले रस्ता माईत आहे, त्या सरळ आत. पण सालभरात नवीन गेलेली रूह लाजरी असते, नव्या नवरीवानी. तिच्या नावाचा हलवा झाल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाई. तुझा आजा गेला त्या साली मी साखर टाकायचीच विसरली. म्हातारा असा रुसला का रातभर दारातल्या सागावर बसून खोकलला. सकाळी पाह्यलं त झाडाले एक पान नाई!"

"मंग?" पोट्टं डोळे फाडून विचारे.

"मंग काय? साखर टाकली, उतरला."

त्या दिवसांत सागाले पान राहतच नाई, हे जुबेरले ट्रकवर गेल्यावर समजलं. अन् बाकीचं समजलं चंद्रपूरले, दोस्तांसंग किताबा वाचू लागला तवा.

"अम्मी, हे बिदत आहे," तो म्हणू लागला. "दीनमध्ये, धर्मात नव्हतं ते आपण घुसवलं. दुआ कर, गरिबाले खाऊ घाल, मी कधी नाई म्हटलं? पण रूहा हलवा खायले येतात हे कुठी लिवलं आहे?"

"लिवलेलं तुझं, केलेलं माझं. तुझी पणजी करत होती, ते काय दोजखात गेली?"

"ते मले काय माईत! मी गेल्यावर पाहून सांगतो."

असे दोघं भांडत अन् मंग एका ताटात जेवत. पण मागच्या शब-ए-बरातले भांडण जेवणापर्यंत पोचलंच नाई. कढई चुलीवर होती, त्याचा दोस्त नईम अंगणात, अन् जुबेर उंबऱ्यात.

"या चुलीवर पुन्हा हलवा चढला त मी हा उंबरा ओलांडणार नाई. कसम आहे!"

"नको ओलांडू," खैरूनबी म्हणाली. "तुझ्या वाटचा बकरीले घालते."

घातला बी. बकरीनं पुरा खाल्ला.

जुबेरनं कसम पाळली. पावसाळ्यात एकदा तेवढा आला. सोबत गल्लीतले, लाकडाच्या डेपोतले सारे लोकं. अंगणातच थांबला, उंबरा नाई ओलांडला. तिनं किती हाका मारल्या, मायशी एक शब्द बोलला नाई. दुपार ढळता ढळता, असरच्या नमाजच्या आधी निघून बी गेला.

म्हणून यंदा चूल थंडी.

"माझ्या चुलीवर करा थोडासा," बायनाबाई हळूच म्हणाली. "कोणाले समजते?"

"त्याले समजन. नाक लय तेज आहे त्याचं. अन् येईन त आजच येईन तो."

बायनाबाई रिकामी वाटी घेऊन घरी गेली.

खैरूनबीनं अंगण झाडलं. जुबेरचा निळा चौकड्याचा शर्ट धुतला होता, तो घडी करून खाटेवर ठेवला. उन्हं कलली तवा दारात नईम आला. हातात थैली. रवा, साखर, तुपाचा डबा.

"खाला, हलवा करा."

"तू? तू त बिदत म्हणत होता."

"म्हणत होतो. अजून बी म्हणतो." नईमनं मान वर केली नाई. "पण तुमचं तोंड पाहवत नाई. गुनाह असन त माझ्या नावावर."

खैरूनबीनं डब्याचं झाकण काढलं. घरच्या तुपाचा वास आला. तिनं कढई घेतली, चुलीवर ठेवली, काडी ओढली. काडी जळत जळत बोटापर्यंत आली. मंग तिनं फुंकून टाकली.

"नाई रे बाबू. लय जिद्दी आहे तो. वास आला त बाहेरच्या बाहेर जाईन." तिनं थैली त्याच्या हातात दिली. "तुझ्या मायले खाऊ घाल. तिच्यासंग भांडू नको."

नईम अंगणातच बसून राह्यला.

घराघरांतून हलव्याचा वास येऊ लागला. अगरबत्त्या अन् फुलं घेऊन लोकं कब्रस्तानाकडे निघाले. त्यातला जो तो खैरूनबीच्या दारापाशी आला का आवाज बारीक करे.

दिवस बुडाला, मगरिबची अजान झाली. खैरूनबीनं दार सताड उघडलं अन् शर्ट छातीशी घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"खाला, थंडी पडली. दार लावा," नईम म्हणाला.

"हलवा केला त त्याची कसम आडवी येते," खैरूनबी म्हणाली, "अन् नाई केला त त्याच्या नवीन रूहले उंबरा ओलांडता येत नाई."

मंग तिनं स्वतःच उंबरा ओलांडला. पायरीवर बसली, बाजूची जागा पदरानं झाडली, अन् शर्ट तिथी पसरला.

"बस रे जुबेर," ती म्हणाली. "मीच आली बाहेर."