भिंतीवरून उडी

मासे खाणं पाप आहे असं ज्या कुणी ठरवलंत, तुम्ही मला जन्मभर फसवलंत.

इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूमधल्या फूजियान या चिनी रेस्टॉरंटच्या मेन्यूत ‘भिंतीवरून उडी मारणारा बुद्ध’ नावाचं सूप होतं. मी तर दर पॉटलकच्या पंगतीत शाकाहारावर लेक्चर झोडणारा दीडशहाणा! बुद्ध आहे म्हणजे व्हेजच, असं धरून मागवलं आणि बाउल पुसून संपवला.

तेवढ्यात माझी लेक रुही फोनमध्ये बघून किंचाळली, "बाबा, इट्स ऑल सीफूड! शिंपले, माशाचं पोट... नुसत्या वासाने एका व्हेज साधूने मठाची भिंत ओलांडली म्हणे!"

मी चूळ भरायला उठलो आणि दुसरा बाउल सांगून आलो.



आता उत्तर द्या, पाप ठरवण्याआधी तुम्ही हे चाखलं होतंत का?