सध्या तीस टाक

जनुकांतले दोष शोधणारा आमच्या टीमचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम सगळ्या लॅबना वापरता यावा म्हणून नेटवर टाकायचा होता. सापडलेल्या प्रत्येक दोषाला तो खात्रीचे गुण देतो. किती गुणांखालचा दोष मशीनची चूक समजून सोडायचा, तेवढा आकडा भरायचा राहिला होता. सर घड्याळ बघत म्हणाले, "सध्या तीस टाक, मग बघू."

त्या 'मग बघू'ला सहा वर्षांत मुहूर्त लागला नाही. मी दोनदा विषय काढला, तर सर वैतागले. "अगं, चारशे लॅब वापरतात, एकाचीही तक्रार नाही. कशाला नसती उठाठेव?" मीही दमले होते. सोडून दिलं.

आज आईचा रिपोर्ट आला, मावशी ज्या आजाराने गेली त्याचा. "काही दोष नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या. "आणि पद्धत खात्रीची आहे, चारशे लॅब वापरतात." आईने माझा हात घट्ट दाबला. "सुटले गं बाई!"



शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'मशीनची चूक समजून सोडलेला दोष: एक. गुण: एकोणतीस.'