शाळिग्रामाचं तीर्थ

सत्यजीतने जहाजावरून परतताना आईच्या, सुनीताबाईंच्या लॉकेटसाठी एक खडा आणला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शंखाचा दगड झालेला, हलवला की मोरपिसासारखे रंग बदलणारा. त्यावरचं चक्र पाहून विनायकरावांनी तो शाळिग्राम म्हणून पनवेलच्या फ्लॅटमधल्या देवघरात ठेवला. रोज त्याला स्नान घालून त्याचं तीर्थ नवरा-बायको दोघंही घेऊ लागले.

"बाबा, तो समुद्रातला जीव आहे," सत्यजीत हसला होता.

पुढच्याच सफरीत तो भर समुद्रात डेकवरून नाहीसा झाला. दुसऱ्या सकाळपासून तीर्थ खारट लागू लागलं. विनायकरावांनी तांब्या बदलला, फिल्टरचं पाणी घेतलं, मग बाटलीतलं. तरी खारटच.

काल कंपनीने शोध थांबवल्याचं कळवलं. आज सकाळी विनायकरावांनी खडा कोरडा पुसला आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

दुपारी पहिल्याच घासाला ते थांबले.

"आज वरणात मीठ जास्त पडलंय."

"मी घातलंच नाही," सुनीताबाई म्हणाल्या. "तो गेल्यापासून घालावंच लागत नाही, अहो."

आणि त्यांनी भातावर आणखी वरण वाढून घेतलं.