बिरोबापुढची दोन फुलं

पुजारी म्हाळाप्पानं झेंडूची दोन फुलं पाण्यात बुडवली. एक बिरोबाच्या उजव्या खांद्यावर चिकटवलं, एक डाव्या.

"उजवं थोरल्याचं, डावं धाकट्याचं," तो म्हणाला. "ज्याचं फूल आधी पडंल त्यानं आधी बोलायचं. देवाचा कौल हाय. मागनं कुरकुर न्हाई."

उजव्या अंगाला बिराप्पा बसला होता, डाव्या अंगाला धुळा. सख्खे भाऊ. दोघांच्याही मिशा पिकलेल्या. मधे त्यांची आई धोंडुबाई, भिंतीला टेकून. भांडण बापाच्या घोंगड्यावरून झालं होतं. पुढं घोंगडं कसरीनं खाल्लं, अबोला तेवढा टिकला. जतजवळच्या त्या वस्तीवर दोघांची घरं समोरासमोर होती, आणि एका दारातला शब्द दुसऱ्या दारात पोचवायचं काम म्हातारीकडं होतं.

"अव्वा, त्याला सांग टँकर आलाय."

"अव्वा, त्याला सांग, मला डोळं हायत."

कौल तिनंच मागितला होता.

"मला आता दुसरं काय मागायचंय, म्हाळाप्पा," ती म्हणाली. "पर उद्या हेच दोघं मला खांद्यावर न्हेणार. एक पुढं, एक मागं. वाटंत वढा हाय, दगडं हायत. पुढच्यानं मागच्याला 'हळू' म्हणाया नगं? न बोलता न्हेलं तर पाडतील मला. न्हाई तर मलाच मधनं उठून सांगावं लागंल, त्याला सांग हळू चाल म्हणून."

म्हाळाप्पा हसला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. देवा, माझं नको, त्याचं पडू दे. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते फक्त देवाला ठाऊक होतं.

फुलं पडेनात.

ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. धुळानं एक डोळा किंचित उघडून उजवं फूल बघितलं. बिराप्पानंही त्याच वेळी एक डोळा उघडला होता. दोघांनी पटकन डोळे मिटले.

बाहेर लिंबाखाली दोघांची मेंढरं एकमेकांच्या पोटात तोंडं घालून उभी होती. घोंगड्याचं भांडण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातली एक मेंढी झेंडूच्या वासानं आत आली. म्हाळाप्पा "हाड हाड" म्हणेपर्यंत तिनं पुढचे पाय ओट्यावर ठेवले, मान लांब केली आणि देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल खाल्लं. मग डाव्या खांद्यावरचं खाल्लं. मग ती देवापुढंच बसली आणि रवंथ करायला लागली.



"अव्वा," धुळा म्हणाला, "त्याला सांग, आपली मेंढरं आवर म्हणावं. देवाचा कौल खाल्ला."

"अव्वा, त्याला सांग, आधी कान बघ म्हणावं. खूण कुणाची हाय?"

दोघं आईकडं बघत राहिले. धोंडुबाई देवाकडं बघत होती.

"अव्वा, सांग की!"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

बिराप्पाला राहवलं नाही. तो उठला, मेंढीचा कान धरला आणि थेट धुळाकडं वळवला. "हे बघ. दिसतंय का? तुझीच खूण हाय. लय शाना!"

"खूण माझी हाय," धुळा ताडकन उठला. "पर पोट बघ तिचं. गाभण हाय. ते कुणाचं? तुझा एडका रोज माझ्या मेंढरांत शिरतोय. मी कवा काय बोललो का?"

"बोलायला तू बोलत हुतास कवा?"

म्हाळाप्पानं घाईघाईनं भंडाऱ्याची वाटी उचलून बाजूला नेली, कारण मेंढीनं आता त्यात नाक घातलं होतं. नाक पिवळंजर्द झालं.

"आधी हिला भायेर काढा," तो म्हणाला.

बिराप्पानं कान ओढला. मेंढी हलेना.

"वडू नगंस रं, दिवस भरल्यात तिचं," धुळा ओरडला. "उचल. तू पुढनं धर."

"धरलंय. मागनं तू नीट धर."

"पोटाला दाबू नगंस."

"मला शिकवू नगं. उंबरा हाय, हळू. हळू म्हणतोय न्हवं!"

"हळूच चाललोय की गड्या!"

दोघं वाकून, धापा टाकत, एकमेकांच्या पावलात पाऊल टाकत बाहेर गेले. दोघांच्या हातांवरची ती मेंढी मात्र जावयासारखी चौफेर बघत होती.

म्हाळाप्पानं देवाच्या मोकळ्या खांद्यांकडं बघितलं. "धोंडुबाई, कौल परत लावायचा का?"

"कशाला? कौल पोटात घिऊन गेली की ती."

तिला हसू आलं. आधी पदरात, मग मोठ्यानं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि भिंतीला टेकलेली ती एका अंगावर कलंडली.

बाहेरून भावांनी ते बघितलं. मेंढी खाली ठेवून दोघं धावत आत आले. घाबरून एकानं खांदे धरले, दुसऱ्यानं पाय.

"अव्वा! अव्वा, काय झालं?"

"सोडा, मुडद्यांनो," धोंडुबाई म्हणाली. "आज मी माझ्या पायानं जाती."