‘ओढ’ म्हणायचं नाही

“ही गाठ कुणी मारली?” उस्तादांनी विचारलं.

सरावाच्या भिंतीखाली मोहिमेला नावं दिलेले नऊजण उभे होते. आठांनी नवव्याकडे पाहिलं. नववे एकसष्ट वर्षांचे, पेशाने शिंपी आणि अंगाने काडीपैलवान.

“मीच. चुकली का?”

“चुकली नाही काका, म्हणून तर विचारलं.”

“जन्म दोऱ्यात गेला, उस्ताद. आता दोर हातात घेतलाय, एवढाच काय तो फरक.”

सगळे हसले. उस्तादही हसले, पण ओठांपुरते. पंचवीस वर्षं ते लोकांना हिमशिखरांवर नेत होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोड बोलून परत पाठवण्यात त्यांचा हातखंडा होता. या शिंप्याचा अर्ज मात्र त्यांनी चार दिवस नुसता खालीवर केला होता. डॉक्टरांचा दाखला चोख होता. वर्षभर जिने चढून-उतरून काकांनी छाती तयार केली होती आणि शिखराचा हट्टही नव्हता. शिखराकडे जाणारी अरुंद धार सुरू होते तिथपर्यंत, दुसऱ्या कॅम्पपर्यंत न्या, एवढंच मागणं होतं. नाही म्हणायला निमित्त सापडेना.

सहा वर्षांपूर्वी त्याच धारेवरून काकांचा एकुलता एक मुलगा गेला होता. बारक्या. दोराच्या एका टोकाला तो होता, दुसऱ्या टोकाला उस्ताद. पायाखालचं बर्फ फुटलं, बारक्या धारेपलीकडे लोंबकळला आणि त्याच्या वजनाने उस्ताद इंचाइंचाने कड्याकडे सरकू लागले. खाली आल्यावर त्यांनी सांगितलं, की बारक्या खालून ओरडला, “सोड!” आणि त्यांनी दोर सोडला. स्वतः जाऊन गुरूला वाचवणारा पोरगा म्हणून बारक्याचं नाव झालं. संस्थेच्या दारात त्याचा फोटो लागला. फोटोखाली तो एकच शब्द लिहिला होता.

त्यानंतर उस्तादांनी एक नियम केला. तो मोहिमेच्या पत्रकातही छापलेला असे. आता तोच ते समजावत होते.

“दोरावर अहो-जाहो करायचं नाही. एका शब्दाचा हुकूम द्यायचा, समोर मी असलो तरी. आणि दोन शब्द तोंडातून काढायचेच नाहीत, ‘ओढ’ आणि ‘सोड’. वाऱ्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात. दोर आवळायचा तर ‘ताण’ म्हणायचं, सैल करायचा तर ‘ढील’. ज्याची जीभ घसरेल त्याने घरी बसायचं.”

आठांनी माना डोलावल्या. शिंपीकाका नुसते बघत राहिले.

सराव संपला, मंडळी पांगली. काका दोर गुंडाळत गुंडाळत सामानाच्या खोलीत आले. फळ्यांवर बूट मांडलेले होते, खिळ्यांना बर्फाच्या कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या. उस्ताद बुटांचे खिळे तपासत होते.

“वर कशाला येताय, काका?” मान वर न करता त्यांनी विचारलं. “तिथे बर्फाशिवाय काही नाही.”

“तुम्हाला एक विचारायचं होतं. म्हटलं, जिथे घडलं तिथे उभा राहून माणूस खोटं बोलणार नाही.”

उस्तादांचा हात थांबला. “इथेच विचारा.”

काका जरा घुटमळले. मग म्हणाले, “बारक्याची आई त्या फोटोकडे बघत नाही. लोक म्हणतात, काय पोरगा होता! ती म्हणते, मेला ‘सोड’ म्हणालाच कसा? आई आहे घरी, हे आठवलं नाही त्याला? जगावंसंच वाटलं नाही? जेवता जेवता घास खाली ठेवते आणि विचारते. अन्न जात नाही तिला, उस्ताद. जगाचं उसवलेलं शिवतो मी, पण हे काही मला शिवता येईना.”

उस्तादांनी हातातला बूट फळीवर ठेवला.

“मग गेल्या वर्षी तुमचं पत्रक हाती आलं. तुमचा नियम वाचला आणि दोन दिवस मशीनवर बसलो नाही. खरं सांगा. तो ‘ओढ’ म्हणाला होता ना?”

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. चौकशीला आलेल्यांनीही नाही. उस्ताद बाकावर बसले.

“हो,” ते म्हणाले. “ओढ म्हणाला. दोनदा. मग आईला हाक मारली.”

काका मटकन खाली बसले. रुमालात तोंड खुपसून ते लहान मुलासारखे रडले, आणि रडता रडता त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेला.

“म्हणजे त्याला यायचं होतं,” ते म्हणाले. “घरी यायचं होतं माझ्या बाळाला.”

“काका, मी तुम्हाला...”

“तुम्ही काही बोलू नका. तुमचा काय दोष? वाऱ्याने घात केला. तुम्हाला ‘सोड’ ऐकू आलं, तुम्ही त्याचा शब्द पाळलात. नंतर उमगलं असेल, तेव्हा काय झालं असेल तुमचं! आणि हे सगळं एकट्याने गिळलंत.” सुईने चरे पडलेल्या बोटांनी त्यांनी उस्तादांचा हात धरला. “आमच्याकडून तुमच्यावर काही ठपका नाही. तिच्याकडूनही नाही, हे मी तिला न विचारता सांगतो.”

डोळे पुसून ते उठले.

“यादीतून माझं नाव खोडा. आता वर येऊन काय करू? हिला कधी एकदा सांगतो असं झालंय. आज पोटभर जेवेल ती.”

ते गेलेही. एकसष्ट वर्षांचा माणूस जवळजवळ धावतच निघाला होता. उस्ताद दारापर्यंत आले. काका अजून फाटकापाशीच होते, कडी काढत होते. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. उस्तादांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

बारक्या गेला त्या दिवशी धारेवर वारा औषधालाही नव्हता.