दुसरं कुलूप

"हे कुणी लावलं?"

साहेबांनी बोअरच्या झाकणावरचं कुलूप हलवून पाहिलं. त्यांच्या प्रदूषण खात्याचं कुलूप शेजारी होतंच. हे दुसरं पितळी, शेंदूर माखलेलं.

"मी," आमच्या गावची गुरवीण म्हणाली. "भैरोबाच्या दानपेटीचं आहे."

बंद पडलेल्या केमिकल कारखान्याने आपला गाळ इथेच पुरला होता. त्याचं विष पाण्यात उतरतंय का, ते तपासायला ही बोअर होती. साहेब दर उन्हाळ्यात नमुना नेत आणि पाणी पिण्यालायक असल्याचा शेरा येई. पिणारे आम्ही. गावच्या विहिरीला औषधाचा वास सुटला होता. गेल्या खेपेला साहेब नमुन्याच्या बाटल्या कारखान्याच्या वॉचमनच्या टाकीवर भरताना गुरविणीला दिसले. त्या टाकीत शहरातला टँकर पाणी टाकतो.

"सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही. गुन्हा दाखल होईल."

"करा की. आमच्या दानपेटीला दोन कुलपं असतात. एक गुरवाचं, एक पंचांचं. दोघं समोर असल्याशिवाय ती उघडत नाही, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. तुमची किल्ली काढा, ही माझी. बाटली इथेच भरायची, आमच्यासमोर. एक तुमची, एक आमची."

साहेब हसले. "म्हणजे देवाची पेटी आता एकाच कुलपावर? देवाला चालतं हे?"

"कौल लावूनच आणलंय. त्याने लगेच उजवा दिला," गुरवीण म्हणाली. "त्याची आंघोळही त्याच विहिरीच्या पाण्याने होते."