थंड पेटीतली पिल्लं

थंड पेटीतली अंडी फुटली, तसा अख्खा वाडी-वस्तीचा गोतावळा कुंदाच्या ओटीवर जमला. खाडीकाठची वाळू तापून तापून तिथल्या कासवांच्या अंड्यांतून कित्येक वर्षं माद्याच निघत होत्या. कांदळवनाच्या चिखलात नर कासव औषधालाही उरलं नव्हतं. गारव्यात नर होतात म्हणून यंदा वनखात्यानं घरोघरी अंडी ठेवायला वाळूच्या थंड पेट्या दिल्या होत्या.

खात्याच्या डॉक्टरीणबाई एकेक पिल्लू यंत्राखाली धरत होत्या. पाठीवर शंकरपाळ्यांची नक्षी, राखाडी मानेवर काळे ठिपके.

"मादी. हीसुद्धा मादी. अहो, सगळ्या माद्याच! पेटीला ऊब कुणी दिली?"

कुंदाच्या सासूबाई पदराशी चाळा करू लागल्या. पेटीवर त्यांचीच गोधडी होती आणि शेजारी त्यांचीच शेगडी.

"अंड्यातली झाली म्हणून काय, लेकरंच ती! शेकशेगडीवाचून लेकरं जगतात का कुठं?"

"पण आजी, आम्हाला मुलगे हवे होते!"

सासूबाई उसळल्या. "मुलगे, मुलगे! मुली झाल्या तर काय आभाळ कोसळलं?"

तिन्ही बाळंतपणांत कुंदानं सासूबाईंचं पडलेलं तोंड पाहिलं होतं, आणि तिन्ही वेळा मुलीचं तोंड पाहून ती स्वतःही रडली होती.

ती शांतपणे पुढे झाली.

"आई, जरा मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "तुमच्या नाती आतल्या खोलीत आहेत. त्यांना ऐकू गेलं नसेल."